तुंबलेली मोरी

संस्कृतांत 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक प्रेम व दुसरा तेलतूप, हें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. दुसऱ्या अर्थाचा स्नेह मोरींत गेला म्हणजे काय होतें, हें मात्र गेल्या दिवाळींत आम्ही घरीं शिकलों. तळण आटोपल्यावर कढईंतील उरलेलें तूप सिंकमध्यें ओतलें गेलें, वर चार दिवस तुपकट ताटें धुतलीं गेलीं, आणि भाऊबीजेच्या सकाळीं पाणी जागच्या जागीं उभें राहिलें.

आम्हीं बाजारांतून मोरी साफ करण्याची पूड आणून ओतली. पाणी तापलें, उग्र वाफ आली. मोरी मात्र सुटली नाहीं. दुपारीं नळाचें काम करणारा तरुण आला. आपली फजिती कशास सांगावी, म्हणून पुडीविषयीं आम्ही गप्प राहिलों. त्यानें खालचा सांधा उघडला आणि तें पाणी त्याच्या मनगटावर सांडलें. हात बराच वेळ वाहत्या पाण्याखालीं धरून आम्हीं त्यास डॉक्टरांकडे नेलें, तरी कातडी भाजलीच. "सर, आधी सांगायचं होतं," एवढेंच तो म्हणाला. जन्मभर मुलांस खरें बोलावयास शिकविणाऱ्यास त्याचें उत्तर सुचलें नाहीं.

अशा पुडींत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाण्यांत पडतांच तो तापतो. कातडी व डोळे जाळतो. त्यावर ॲसिड ओतल्यास द्रव उसळून अंगावर येतो. आणि ॲसिडांत ब्लीचिंग पावडर मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. म्हणून मोरींत कांहीं ओतलें असेल, तर दुरुस्तीस येणाऱ्यास दारांतच सांगावें. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा फेस दिसावयास मोठा. परंतु ते एकमेकांचा गुण मारतात, गोठलेल्या तुपाचें त्यांनीं फारसें बिघडत नाहीं.

रसायनापूर्वीं हातानें करण्याचे उपाय करावे. सिंकमध्यें चार बोटें पाणी ठेवावें, लाकडी दांडीच्या रबरी वाटीनें भोक झांकावें आणि पंधरावीस वेळां जोरानें दाबून उचलावें. तेवढ्यानें न सुटल्यास खालीं बादली ठेवून ट्रॅप उघडावा, धुवावा, व रबरी चकतीसह पुन्हा बसवावा. ट्रॅपांत पाणी सांठतें तें मुद्दाम. गटाराची दुर्गंधी त्यामुळें घरांत शिरत नाहीं. प्लास्टिकच्या नळींत उकळतें पाणी ओतूं नये. ती मऊ पडते.

मोरी तुंबूच नये, हें अधिक सोपें. तूप व वनस्पति कढईंत पातळ दिसतात, पण नळींत गार होऊन गोठतात. मग भाताचीं शितें व चहाचा चोथा त्यांस चिकटतो. म्हणून उरलेलें तेलतूप गार झाल्यावर बाटलींत भरून कचऱ्यांत द्यावें, ताटें धुण्यापूर्वीं रद्दी कागदानें पुसावीं, भोकावर बारीक जाळी ठेवावी. न्हाणीच्या जाळीवरील केस रोज उचलावे.

तो तरुण पुढें एकदां नळ बदलावयास आला. मनगटावर डाग होता. सिंकखालीं वांकण्यापूर्वीं त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "आज कांहीं ओतलेलें नाहीं."