एका अक्षराचे नामांतर



आमच्या चाळीत एक मुलगी आहे, अकरावी सायन्सला. कॉलेजातून तिला घराभोवतीच्या रसाळ झाडांची माहिती गोळा करायला सांगितली होती. रसाळ म्हणजे ज्यांच्या पानांत किंवा खोडात पाणी साठलेले असते अशी झाडे. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून लावलेली कोरफड, पानफुटी, शेर आणि फड्या निवडुंग हाताशी होतेच. तिने प्रत्येक डब्याला चिठ्ठी डकवली. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय. मग आमच्याकडे येऊन तिने विचारले, "काका, ही खालची नावे ठेवतो कोण?"

आम्ही पडलो फायली आणि हिशेबाचे माणूस. पण नावांचा प्रश्न निघाला की आपल्या समाजातला माणूस गप्प बसू शकत नाही. म्हणून शोध घेतला. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक गंमत सांगतो. डब्यांतली ही झाडे एका घरची नाहीत. पाणी साठवून ठेवायची सवय सारखी, म्हणून तोंडावळा सारखा. कूळ मात्र निराळे. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग, दोघांनाही आपण निवडुंगच म्हणतो. पण त्रिधारीला टाचणी टोचली तर पांढरा चीक येतो, म्हणजे ते शेराचे भाऊबंद. फड्याला चीक नाही. ते मूळचे अमेरिकेचे, समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. कोरफड तर त्याहून लांबची. शतावरी, कांदा, लसूण ज्या गणात बसतात त्या गणात ती बसते. दिसण्यावरून कूळ ठरवायला गेले की फसगत होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता नावाकडे येऊ. झाडाला दोन शब्दांचे नाव देण्याची आजची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली छापलेल्या ग्रंथापासून मोजतात. जो आधी रीतसर नाव छापील त्याचे नाव चालणार, हा मुख्य नियम. शेराला लिनियसने नाव दिले 'युफोर्बिया तिरुकल्ली'. हे 'तिरुकल्ली' लॅटिन नाही. ते मल्याळी आहे, केरळातल्या माणसांच्या तोंडचे.

ते स्वीडनपर्यंत पोचले कसे? मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तिथल्या झाडांचा एक मोठा ग्रंथ करवून घेतला. 'हॉर्टस मलबारिकस' त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यातली माहिती सांगणारा प्रमुख वैद्य होता इट्टी अच्युतन. हा एळवा समाजातला, म्हणजे नारायण गुरू ज्या समाजात जन्मले त्या समाजातला. या समाजाला वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता येत नव्हते आणि त्यासाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. त्याच समाजातल्या वैद्याने आपल्या घरच्या ताडपत्रांतून झाडांची नावे आणि गुण सांगितले. त्याने दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने पुढे याच ग्रंथातून शेराचे नाव उचलले. म्हणजे ज्या तोंडचा शब्द विटाळ मानला जात होता, तो आज जगातल्या अनेक वनस्पती-बागांत पाटीवर लिहिलेला आहे. त्या मुलीला हे सांगितले तेव्हा ती लगेच चिठ्ठी बदलायला निघाली. 'अच्युतन वैद्य' असेही लिहायचे म्हणाली.

पण याच लिनियसची दुसरी बाजू आहे. झाडांची वर्गवारी करणाऱ्या या माणसाने माणसांचीही केली. १७३५ साली रंग आणि खंड पाहून माणसाचे चार गट केले. १७५८ च्या आवृत्तीत त्या गटांना स्वभाव चिकटवले. गोरा युरोपीय कायद्याने चालणारा, आणि काळा आफ्रिकन आळशी, लहरीने चालणारा. चार गट, जन्मावरून स्वभाव, स्वभावावरून लायकी! आपल्याला हे वाचताना काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. फरक इतकाच की लिनियसने ते शास्त्राच्या पुस्तकात घातले आणि आपल्याकडे धर्माच्या.

आता थोडे आपल्या सह्याद्रीत येऊ. जुन्नरची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या डोंगरातही भिक्खूंचे विहार कोरलेले आहेत. त्याच परिसरातल्या कड्यांवर एक दुर्मिळ रसाळ झाड उगवते. ते मूळचे आपल्या महाराष्ट्राचेच; पुणे, सातारा भागातल्या मोजक्या कड्यांशिवाय फारसे आढळत नाही. पावसात त्याला हिरवी जाड पाने येतात, तांबूस-जांभळी, पिवळट नक्षीची फुले येतात. पाऊस सरला की पाने गळून नुसते मांसल खोड उरते. लोक त्याला 'शिंदळ माकुडी' म्हणतात.

शास्त्रीय नाव काय? मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातल्या डालझेल या साहेबाने १८६० नंतरच्या दशकात ते ठेवले 'फ्रेरिया इंडिका'. फ्रेरिया म्हणजे सर बार्टल फ्रियर, १८६२ ते १८६७ या काळातले मुंबईचे गव्हर्नर. वरिष्ठांचे नाव झाडाला दिले, एवढाच विषय. सरकारी नोकरीत ही रीत जुनी दिसते.

पुढे अभ्यासकांना वाटले की हे झाड वेगळे नाही. माकुड्यांच्याच 'कॅरलूमा' या गटात ते बसते. हा कॅरलूमा शब्दही तेलुगू बोलीतून घेतलेला. १९५८ साली रौली नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ते त्या गटात नेले. पण तिथे 'इंडिका' हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेले होते. एका गटात दोन इंडिका चालत नाहीत. म्हणून नवे नाव आले 'कॅरलूमा फ्रेरी'. म्हणजे नाव बदलले, त्यात भारत गेला आणि गव्हर्नरसाहेब पहिल्या जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसले! त्यानंतर ते 'बुसेरोसिया' गटात गेले. २०१७ साली काही संशोधकांनी तर हे सगळे गट खरपुडीच्या 'सेरोपेजिया' गटात विलीन करावेत असे मांडले. तेव्हा शास्त्रीय नाव म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नाते नव्याने कळले की नाव बदलते, आणि कोणी आरडाओरड करीत नाही.

शिंदळ माकुडी या आपल्या नावाबद्दलही बोलले पाहिजे. माकुडीसारखी दिसते पण पाने निराळी, म्हणून 'खरी माकुडी नव्हे' अशा अर्थाने ते पडले असावे, असा आमचा तर्क आहे. पण खोटेपणाला शब्द कोणता सापडला, तर बाईला द्यायची शिवी. गेल्या वर्षी मंडळाच्या सहलीत आम्ही पायथ्याशी हे नाव मोठ्याने सांगितले आणि आमच्या उपासिका भगिनींनी माना खाली घातल्या. एकीने विचारले, "भाऊ, दुसरे नाव नाही का हो याला?" आम्हाला उत्तर आले नाही.

फ्रियरसाहेब पुढे कुठे गेले ते पाहा. १८७७ साली ते दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त झाले. तिथल्या झुलू राजाला त्यांनी डिसेंबर १८७८ मध्ये निर्वाणीचा खलिता पाठवला आणि १८७९ चे झुलू युद्ध ओढवले. इसांडलवाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला, पण काही महिन्यांतच त्यांचे राज्य मोडले. त्याच सुमारास खोसा लोकांशीही लढाई झाली. खोसांशी झालेल्या अशा लढायांना इंग्रजी इतिहासात नाव होते 'काफिर युद्धे'.

काफिर हा मूळचा अरबी शब्द, न मानणारा या अर्थाचा. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी तो काळ्या माणसासाठी शिवी म्हणून वापरला. शेतावर, खाणीत, पोलीस चौकीत. २०१८ साली जोहान्सबर्ग भागातल्या न्यायालयाने काळ्या पोलिसांना हा शब्द पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या एका गोऱ्या बाईला तुरुंगाची शिक्षा दिली. आपल्याकडे १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, तेव्हा शब्दाने काय जखम होते हे आपण जाणतो.

आणि हाच शब्द झाडांच्या नावांत होता. 'काफ्रा', 'काफ्रम', म्हणजे काफिरांच्या मुलुखातले. वनस्पती, बुरशी आणि शेवाळे मिळून दोनशेहून अधिक नावांत. त्यात एक रसाळ पानांची वनस्पती आहे, आपल्या घोळीच्या भाजीच्या जातकुळीजवळची. लिनियसचा शिष्य थुनबर्ग याने तिला घोळीच्याच गटात घालून 'काफ्रा' म्हटले. पुढे ती 'टॅलिनम काफ्रम' झाली. आफ्रिकेतल्या बाया तिची पाने खुडून भाजी करतात. पाटीवर मात्र त्यांनाच शिवी.

गिडियन स्मिथ आणि एस्ट्रेला फिगेरेदो या दोन संशोधकांनी हे काढून टाकण्याचा ठराव मांडला. स्मिथ यांनी कोरफडीच्या जातीच्या रसाळ झाडांवरच आयुष्य घालवले आहे. दोघे दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्सन मंडेला विद्यापीठातले. विद्यापीठाचे नाव वाचून आम्हाला आपले विद्यापीठ आठवले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात किती घरे जळाली, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. स्मिथ यांची मागणी साधी होती. सगळे नाव बदलू नका. रोमन लिपीतले पहिले अक्षर, 'क' चे, तेवढे गाळा. काफ्राचे 'आफ्रा' होईल, म्हणजे आफ्रिकेची.

विरोध झालाच. दोनशे वर्षांचे रेकॉर्ड बिघडेल. आज हे बदलाल, उद्या आणखी शंभर लोक येतील. नाव ही नुसती खूण आहे, तिचा अर्थ कशाला बघायचा. यातला एकही मुद्दा आम्हाला नवा नव्हता. कारण तो आम्ही स्वतः मांडलेला आहे.

आमच्या वस्तीत एक काका होते. घरचे नाव काशीनाथ. शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर लिहिले 'कचऱ्या'. तेच नोकरीच्या सेवापुस्तकात आले. निवृत्तीला दोन वर्षे असताना ते आमच्याकडे आले. म्हणाले, "राजपत्रात जाहिरात देऊ, खर्च मी करतो. तेवढे नाव नीट करून दे." आम्ही फाईल पाहिली. भविष्य निर्वाह निधी, विमा, रजेचा हिशेब, सगळीकडे तेच नाव. आम्ही म्हणालो, "काका, आता राहू द्या. रेकॉर्ड बिघडेल, पेन्शन अडकेल." ते काही बोलले नाहीत. निरोप समारंभात साहेबांनी कागदावर होते तेच नाव माईकवरून वाचले. मागच्या रांगेत कोणी तरी हसले. शाल घेताना काकांनी आमच्याकडे पाहिले नाही. त्यांचे रेकॉर्ड नीट राहिले आणि पेन्शनही वेळेवर सुरू झाली. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर घरच्यांनी काशीनाथ छापले.

जुलै २०२४ मध्ये माद्रिदला जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली. गुप्त मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३५१, विरुद्ध २०५. मंजुरीला शेकडा ६० मते लागत होती, मिळाली ६३. टॅलिनम काफ्रमचे टॅलिनम आफ्रम झाले. रेकॉर्ड बिघडले नाही. जुन्या पुस्तकात जुने नाव, नव्यात नवे. कारकुनाला एक नोंद जास्त.

त्याच परिषदेत आणखी एक ठरले. गुलामांचे व्यापारी, अत्याचारी अधिकारी अशांच्या नावावरून ठेवलेल्या नावांचा विचार करायला समिती नेमायची, पण ती फक्त २०२६ पासून नव्याने ठेवल्या जाणाऱ्या नावांपुरती. म्हणजे फ्रियरसाहेब जुन्नरच्या कड्यावर आहेत तिथेच राहणार. शिंदळ माकुडीला तर कुठली परिषद लागत नाही. ते नाव आपल्याच तोंडी आहे. त्या भगिनीला आम्ही आता उत्तर देऊ शकतो: ताई, आपण नुसती 'पानांची माकुडी' म्हणू. पुढच्या सहलीत तेच सांगणार आहोत.

मुलीच्या चिठ्ठ्या पूर्ण झाल्या. शेराच्या डब्यावर तीन ओळी आहेत: शेर, युफोर्बिया तिरुकल्ली, सांगणारे अच्युतन वैद्य. कॉलेजात बाईंनी तिसरी ओळ का, असे विचारले म्हणे. तिने सांगितले, आणि बाईंनी ती ठेवू दिली.

जाता जाता घरच्यांसाठी एक सूचना. शेराचा आणि त्रिधारीचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांची फार आग होते, काही काळ दिसेनासेही होते. डबा लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. चीक गेलाच तर चोळू नका. भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.