रिपोर्ट नॉर्मल आहे!

बँकेत नवा असताना ट्रायल बॅलन्सच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणून मी एकदा खुशीत होतो. आमचे जुने अकाउंटंट चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बेरीज जुळली म्हणजे चूक नाही असं नव्हे. चूक दिसली नाही, एवढंच." रामरावांचे पैसे शामरावांच्या खात्यात जमा झाले तरी बेरीज जुळतेच! हा धडा मी खातेवह्यांपुरताच ठेवला, याची रुखरुख साठी उलटल्यावरही जात नाही.

१९८९ सालची गोष्ट. आमच्या शाखेतल्या कॅशियरच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती, मूल नव्हते. त्याच्या बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, उपासतापास झाले, नवस झाले. आमच्याच घरच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी तिला हळूच वगळले. ती स्वयंपाकघरात जाऊन पाने पुसत बसली. शेवटी एकदा तोही तपासणी करून आला. त्याच्या हातातला कागद वाचून मी पाठीवर थाप मारली, "रिपोर्ट नॉर्मल आहे. सुटलास!"

तो सुटला. अडकली ती.

त्या कागदावर होते तरी काय? शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल, त्यांचा आकार. १६७७ साली हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्या सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू प्रथम पाहिले. नेहमीच्या तपासणीत आजही मुख्यतः त्याच मार्गाने पाहिले आणि मोजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही संख्येची खालची मर्यादा दिली आहे. तपासणी उपयोगाचीच आहे. पण काही गोष्टी भिंगाखाली दिसतच नाहीत.

त्यातली एक २०११ साली उजेडात आली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठात टॉलनर, चेर, बेव्हिन्स आणि त्यांचे सहकारी एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्याचे नाव बीटा-डिफेन्सिन १२६. हे घराणे मुळात राखणदारांचे. डिफेन्सिन प्रथिने शरीरात जंतूंशी लढतात. त्यातल्या या एकाने वेगळी कामगिरी पत्करली आहे. वृषणात तयार झालेला शुक्राणू शेजारच्या लांबलचक, गुंडाळलेल्या नळीत परिपक्व होतो. तिथे हे प्रथिन त्याच्या अंगावर चढते. त्याला शर्करेच्या असंख्य साखळ्या लगडलेल्या असतात. हा अंगरखा दोन कामे करतो. गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या दाट स्रावातून शुक्राणूला वाट काढता येते, आणि स्त्रीच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना तो परका वाटत नाही.

या प्रथिनाच्या जनुकात काही पुरुषांमध्ये दोन अक्षरे गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडूनही अशी प्रत आली, तर अंगरखा अपुरा राहतो. असे पुरुष थोडेथोडके नाहीत. या संशोधकांच्या अंदाजाने चौघांत एक! त्यांचे शुक्राणू भिंगाखाली नीट दिसतात, नीट पोहतात. पण प्रयोगशाळेत दाट स्रावासारख्या जेलमधून जाताना मागे पडतात. चीनमधल्या पाचशेहून अधिक नवविवाहित जोडप्यांचा मागोवा घेतल्यावर दिसले, की अशा पुरुषांच्या घरी पाळणा हलायला जास्त वेळ लागतो. तो हलतच नाही असे नव्हे. अनेकांना मुले होतात. उशिरा होतात, इतकेच. आणि तो स्राव ओलांडून शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार आज उपलब्ध आहे.

आमच्या कॅशियरच्या बाबतीत हेच होते, असे मी म्हणणार नाही. कुणास ठाऊक! माझा मुद्दा वेगळा आहे. तो कागद एवढेच सांगत होता, की मोजले त्यात दोष दिसला नाही. त्याचा "दोष तिच्यात आहे" हा अर्थ आम्ही लावला. त्याची आई, शेजारी आणि मी.

रविवारी सकाळी, घरातली सगळी मंडळी चहा घेत असताना हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि त्यापायी खटले सोसले ते याच महाराष्ट्रात. आपण निदान घरात तरी बोलू या. मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत दोघांनी डॉक्टरांसमोर बसावे. तिच्या चार तपासण्या झाल्यावर उपकार केल्यासारखी त्याची एक, हा क्रम बदलावा. आणि कारण त्याच्यात सापडले तर त्याच्या कपाळीही शिक्का मारू नये. जन्मतः गळालेल्या दोन अक्षरांचा अपराध कुणाच्या नावे टाकायचा?

कॅशियर आणि त्याची बायको २०१६ साली एका लग्नात भेटले. मूल झाले नाही. तिने माझ्या नातवाला मांडीवर घेतले, त्याच्या हातावर बत्तासा ठेवला. सत्तावीस वर्षे उशिरा का होईना, मला तिची माफी मागायची होती. पण मांडवात माणसे फार होती आणि माझा धीर झाला नाही.

तुमच्या घरी पुढचे डोहाळजेवण असेल तेव्हा एवढे करा. ओटी भरायला कुणी मागे सरकली, तर तिला हात धरून पुढे आणा.