कॉफीचे यंत्र आणि नवकारशीची वेळ

पुणे–लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मध्ये कान्हे हे लहानसे स्थानक आहे. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील कान्हे फाट्याच्या परिसरात बांधकाम साहित्याचा व्यापार करणारे एक जैन कुटुंब राहते. घरात माणसे पाच : ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या आजी, दुकान सांभाळणारे वडील, आई, वडिलांच्याच व्यवसायात आलेला मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी घरात आलेली सून. गेल्या दिवाळीत मुलाने आईसाठी एक भेट आणली. वेळ लावून ठेवली की आपोआप कॉफी तयार करणारे ते विजेचे यंत्र होते. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. हेतू अगदी निर्मळ होता. आईने पहाटे साडेपाचला उठू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, आईची सकाळ एकाच क्रमाने सुरू होत आली. पाणी गाळायचे, आजींसाठी उकळायला ठेवायचे, पूंजणीने शेगडी पुसून घ्यायची, दूध तापवायचे आणि नवकारशीची वेळ होताच जायफळ घातलेली कॉफी प्रत्येकाच्या हाती द्यायची. स्वतःचा पेला बहुधा शेवटचा आणि निवलेला. यात अन्याय आहे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. ती घरची रीत होती आणि रीतीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

कॉफी आपोआप व्हावी ही इच्छा तशी नवी नाही. बर्मिंगहॅम येथील फ्रँक क्लार्क या बंदुका बनविणाऱ्या कारागिराने १९०२ साली चहा-कॉफी आपोआप करणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले होते. गजराचे घड्याळ वाजले की त्यात काडी आपोआप ओढली जाई, स्पिरिटचा दिवा पेटे आणि वर ठेवलेले पाणी तापे. माणूस झोपलेला असताना शेजारी ज्योत पेटवणारे हे यंत्र किती घरांनी निर्धास्तपणे वापरले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे १९०८ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून कॉफी गाळण्याची युक्ती काढली आणि कागदी गाळणीचा उद्योग उभा राहिला. १९५४ साली जर्मनीतच ‘विगोमाट’ हे विजेवर चालणारे ठिबक पद्धतीचे यंत्र आले. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘मिस्टर कॉफी’ बाजारात आल्यावर असे यंत्र सामान्य घरांच्या स्वयंपाकघरात शिरले. कान्हे येथील ओट्यावर येऊन बसलेले यंत्र याच कुळातील होते.

त्याची रचना साधी आहे. मागच्या टाकीतील पाणी खालच्या बारीक नळीत उतरते. नळीला चिकटून विजेची तापक कांडी असते. पाणी तेथे उकळू लागले की वाफेचे बुडबुडे गरम पाण्याला वर ढकलतात, ते गाळणीतील पुडीवर थेंब थेंब पडते आणि अर्क खालच्या काचेच्या भांड्यात जमतो. भांड्याखालची तबकडी तो गरम ठेवते. नऊशे वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर वीज लागते अवघी ०.१५ युनिट. खर्चाच्या बाजूला तक्रारीस जागा नव्हती.

पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. मावळातील हिवाळ्याच्या सकाळी, दारे-खिडक्या बंद असताना, माणूस जागा होण्याआधी कॉफीचा दरवळ खोल्यांतून फिरावा, हे सुख घराला नवीन होते. आजींनीसुद्धा, ‘हा तर जागं करायला आलाय,’ असे म्हणून हसून घेतले. अडचणी त्यानंतर एकेक करून पुढे आल्या.

पहिली अडचण चवीची. यंत्रात दूध घालता येत नाही. ते केवळ पाण्यात उतरलेला अर्क देते, आणि आपल्याकडे कॉफी म्हणजे मुख्यतः दूधच. मुलाने प्रथम फिल्टर कॉफीची नेहमीची पूड आणली. ती दक्षिणी पितळी गाळणीसाठी दळलेली, पिठासारखी बारीक. यंत्राची गाळणी तुंबली, पाणी वरून ओसंडले आणि ओटाभर काळा चोथा पसरला. नंतर जाडसर, रव्यासारखी पूड मागविण्यात आली. त्याच वेळी आजींनी पाकिटावरचा मजकूर वाचून घेण्यास सांगितले. पहिल्या पाकिटात चिकोरी होती. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. गुजरातेत जामनगरच्या बाजूस तिची शेतीही होते. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ज्या घरांत कंदमुळे वर्ज्य आहेत, तेथे वाळविलेल्या मुळाविषयी मते वेगवेगळी असू शकतील. या घराने वाद न घालता निव्वळ कॉफीची पूड घेतली. सुनेने तीत चिमूटभर जायफळ मिसळले, पाणी निम्मे ठेवून अर्क दाट काढला आणि त्यात तितकेच गरम दूध घातले. तेव्हा कुठे घरची चव परत आली.

दुसरी अडचण वेळेची. यंत्राचे घड्याळ एकदा लावले की रोज त्याच मिनिटाला चालू होते. नवकारशी मात्र सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते आणि सूर्योदय रोज थोडा सरकतो. पुण्याच्या परिसरात जूनच्या आरंभी सूर्य सहाला दोन-तीन मिनिटे कमी असताना उगवतो. जानेवारीच्या मध्यात तो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास दिसतो. म्हणजे नवकारशी जूनमध्ये पावणेसातच्या आसपास, तर जानेवारीत आठला दोन मिनिटे असताना. फरक सव्वा तासाच्या घरात. दिवाळीत पावणेआठला लावलेले यंत्र जानेवारीत तेरा मिनिटे आधीच कॉफी काढू लागले. वेळ होईपर्यंत ती तबकडीवर कढत राही आणि जिभेला जळकट लागे. पुढे उन्हाळ्यात उलट झाले. नवकारशी होऊन जाई, सगळे पेले पुढ्यात घेऊन बसत आणि यंत्र निवांत असे. अखेर वडिलांनी सूर्योदयाचे कोष्टक यंत्राच्या वर भिंतीला लावले. पंधरवड्याला कधी दोन-तीन, कधी आठ-नऊ मिनिटांचा बदल करावा लागे. व्यापाऱ्याच्या घरात तारखा पाळण्याची सवय असतेच. एका कोष्टकात तो प्रश्न मिटला.

तिसरी अडचण मावळच्या पावसाने आणली. वीज पाच मिनिटे जरी गेली तरी यंत्राचे घड्याळ पुसले जाई आणि पडद्यावर बारा वाजून शून्य मिनिटे लुकलुकत राहत. घरातील इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांपुरता. नऊशे वॅटचा भार त्यावर टाकणे शक्य नव्हते. रात्री वीज गेली की सकाळी कॉफी नाही, हे जूनअखेरपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडले. अशा दिवशी आई उठून शेगडीवरच कॉफी करी. किंबहुना, वीज गेली असेल की काय या शंकेने तिला साडेपाचलाच जाग येत असे. ज्या विश्रांतीसाठी यंत्र आणले, ती विश्रांती घरात आलीच नव्हती, हे मात्र अजून कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले जुलैतील एका सकाळी. रात्रभर पाऊस कोसळत होता. आई नेहमीप्रमाणे लवकर जागी झाली आणि ओट्याकडे गेली. यंत्र सुरू होण्यास काही मिनिटे उरली होती. तिने सहज झाकण उचलले. ओल्या भिंतीवरून निघालेली मुंग्यांची रांग कोरड्या जागेच्या शोधात झाकणाच्या फटीतून आत उतरली होती. काही टाकीच्या कडेवर होत्या, काही पाण्यावर तरंगत होत्या. तिने प्रथम तार ओढून काढली. मग एका कागदाच्या टोकाने, एकेक करून, जिवंत होत्या तेवढ्या मुंग्या बाहेर घेतल्या. त्या दिवशी नवकारशी झाल्यावरही बराच वेळ घरात कोणी कॉफी घेतली नाही.

मुलगा खजील झाला. ‘झाकणाला बारीक जाळी लावून घेतो,’ तो म्हणाला. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘जाळी लावशील रे, पण पेटायच्या आधी बघणार कोण?’

या प्रश्नात सगळे काही होते. शेगडी पेटविण्यापूर्वी पूंजणी फिरविणे हा आपल्या घरांतला जुना नेम आहे. त्याचे मर्म झाडण्यात नाही, पाहण्यात आहे. जयणा म्हणजे हेच पाहणे. वेळ लावता येणाऱ्या यंत्राचे जे मोठे सुख, की ते सुरू होताना कोणी जवळ असण्याची गरज नाही, तोच त्याचा मोठा दोष ठरला. पाण्याचा हिशेबही तसाच. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच मानली जाते. तीन प्रहर म्हणजे सुमारे नऊ तास. रात्री नऊ वाजता उकळून टाकीत भरलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात सकाळी सहालाच संपते आणि नवकारशी तर त्यानंतर येते. आजींच्या नेमात ते बसणारे नव्हते. त्या काही बोलल्या नव्हत्या. त्यांच्यापुरती कॉफी आई दिवाळीपासून निराळी करीत होती आणि ही गोष्ट मुलाला जुलैत कळली.

त्याला लागले ते हेच. यंत्राने आईचे एकही काम कमी केले नव्हते, उलट एक वाढविले होते. रात्री पूड भरणे, टाकी धुणे, गाळणीचा चोथा काढणे, महिन्याकाठी लिंबूफुलाच्या पाण्याने नळीतील क्षार घालविणे आणि वर पहाटे उठून शेगडीपाशी उभे राहणे, ही सारी कामे तिच्याकडेच होती. भेट आईला दिली होती, पण ती भेट सांभाळण्याचे कामही आईकडेच गेले होते.

यंत्र माळ्यावर टाकून द्यावे, असा विचार दोन दिवस चालला. तो बदलला वडिलांमुळे. वडील रोज सहाला उठतात, दूध आणतात आणि नंतर वर्तमानपत्र येईपर्यंत मोकळे असतात. शेगडीवरची कॉफी त्यांना कधी जमली नव्हती. दूध उतू जाईल, जायफळ जास्त पडेल, अशी धास्ती. त्यांनी स्वतःहून सांगितले, ‘वेळ लावायचीच नाही. सकाळी मी ताजं पाणी गाळतो, उकळतो, टाकी पाहून भरतो आणि बटण दाबतो. एवढं मला येतं.’ सुनेने टाकी रात्रीच रिकामी करून, कोरडी पुसून, उपडी ठेवण्याचे काम घेतले. क्षार काढण्याचे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलाकडे गेले. भिंतीवरचे सूर्योदयाचे कोष्टक तसेच राहिले. आता ते यंत्रासाठी नाही, वडिलांसाठी आहे.

म्हणजे साडेतीन हजारांच्या वस्तूतील ज्या सोयीसाठी अधिक पैसे मोजले, तीच सोय या घरात बंद आहे. हिशेबनिसाने तो भाग घसाऱ्यात टाकावा. वीज गेली तर वडील दहा मिनिटे वाट पाहतात आणि न आल्यास आईला हाक मारतात. अशा सकाळी महिन्यातून दोन-तीन.

घरात नवे यंत्र आणताना किंमत, वीज आणि हमीची वर्षे सगळेच विचारतात. ते रोज पाहणार कोण, धुणार कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण त्याचे उत्तर आपण गृहीत धरलेले असते. या कुटुंबाला ते उत्तर बदलावे लागले, आणि ते बदलल्यावर एक साधे यंत्रही उपयोगी पडले.

आई आता साडेसहाला उठते. सामायिक करून ती स्वयंपाकघरात येते तेव्हा नवकारशीची वेळ होत आलेली असते. वडील कोष्टकाकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहत उभे असतात. पहिला पेला आजींचा, दुसरा आईचा. तो गरम असतो. कॉफी थोडी पातळ झाली आहे, हे तिला रोज जाणवते आणि ती ते अद्याप कोणाला बोलली नाही.