कांदा अडवायचा, माणूस पाठवायचा



ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या की दरवर्षी एक वाक्य ऐकू येतं. "पोरं जास्त झाली, जमिनीचे तुकडे पडले, आता बाहेर जाणारच की!" शहरातले पाहुणे बोलतात, कधी कधी आपल्यातलेच शिकलेले बोलतात. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्याला महागात पडतंय. म्हणून आज त्यावरच लिहितो.

खरं तेवढं आधी मान्य करू. १९७०-७१ ला महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर राहिली. वाटण्या झाल्या, बांध वाढले, एका विहिरीला चार वाटेकरी झाले. हे कुणी नाकारत नाही.

पण आता पुढचा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच साधारण २.१ लागतात. त्या वर्षांत फ्रान्सचा आकडासुद्धा आपल्यापेक्षा थोडा जास्तच होता. आणि जामखेडला तर हे कुणी शिकवायची गरजच नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० साली इथं येऊन बसले. गावातल्याच बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. लेकरं जगायला लागली तशी घरं आपोआप लहान झाली. हे काम बघायला देशोदेशीचे डॉक्टर आजही जामखेडला येतात. त्याच तालुक्याला 'पोरं जास्त' म्हणून हिणवायचं?

मग पोरं कमी होऊनही गाव का रिकामं होतंय? पाऊस कमी, हे खरंच. पण पाऊस चांगला झालेल्या वर्षीही कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन जायचं, मार्च-एप्रिलला परतायचं. उचल घ्यावी लागते, कारण शेतात पिकलेल्याचा पैसा गावापर्यंत पोचत नाही.

कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली, ती थेट ४ मे २०२४ ला उघडली, तीही ५५० डॉलर टनाची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. लाल कांदा म्हणजे काही उन्हाळ कांदा नव्हे, चाळीत दडवून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. माझ्या कांद्याचा भाव दहा-बारा दिवसांत जवळपास निम्म्यावर आला. बी, लागवड, औषध, काढणी, गाडीभाडं, यातलं काहीच निम्म्यावर आलं नाही.

कापसाला उलटा न्याय. १९ ऑगस्ट २०२५ पासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आपल्या वेचणीचा सगळा ऐन हंगाम त्यात गेला. आपला माल महाग झाला की दार बंद, बाहेरचा स्वस्त असला की दार उघडं. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा सांगितलं होतं की जगाची बाजारपेठ खुली होईल. ती आपल्यासाठी एकाच बाजूनं उघडते. तिकडं युरोपीय संघ आपल्या बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा शेतीवर घालतो. त्यांचा शेतकरी तोट्यात गेला तरी शेतावर राहतो, आपला कारखान्याच्या फडावर जातो.

आता तिसरं दार. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे कांद्याची निर्यात बंद असतानाच, आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवायचे: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. तिकडं म्हातारे वाढले, कामाला हात नाहीत. कांदा जाऊ शकत नव्हता, पण माणूस चालणार होता!

पोरांनी जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. जरूर जावं, चार पैसे कमवावेत, जग बघावं. पण हिशोब मांडा. वीस-बावीस वर्षं त्या पोराला खाऊ घातलं गावानं, शिकवलं इथल्या शाळेनं, फी भरली आईनं दागिने मोडून. तिकडं जातं ते तयार पीक. नांगरट, बी, पाणी, खुरपणी सगळी आपली. जमिनीतून नुसतंच काढत राहिलं आणि परत काही टाकलं नाही तर काय होतं, हे कृषीवाल्या मित्रांना मी सांगायला नको.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. निर्यात-आयातीचं धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि पीक निघेपर्यंत त्याला हात लावू नका. आणि माणसं पाठवायचा करार कराल तेव्हा ती घडवायचा खर्च घेणाऱ्या देशाकडून वसूल करून तालुक्यातल्या आयटीआय आणि नर्सिंग शिक्षणाला द्या.

येत्या ग्रामसभेत एक काम करा. गावातून कोण गेलं, कुठं गेलं आणि जायच्या वर्षी त्याच्या शेतात काय पिकलं, काय भावानं विकलं, हे वहीत मांडा. पुढच्या वेळी कुणी 'पोरं जास्त झाली' म्हणालं की ती वही पुढं ठेवा.