हँड्स-फ्री आहे म्हणून गाडी चालवताना फोन घ्यायचाच का?

अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या नव्या गाड्यांमध्ये फोन ब्लूटूथला जोडलेला असतो. कॉल आला की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि बोलायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ चा रोख हातात धरलेल्या फोनवर आहे. २०२० च्या नियमांनी हातातल्या फोनला सूट दिली ती फक्त रस्ता पाहण्यापुरती. त्यामुळे हात मोकळे म्हणजे धोका नाही, असा समज पसरला.

तो चुकीचा आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाड्यांतल्या व्हॉइस कमांड तपासल्या. काही गाड्यांत आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ६०० मीटर पुढे जाते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर एवढ्या अंतरात उसाची ट्रॉली किंवा पायी निघालेले भाविक सहज आडवे येऊ शकतात. (हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली तर जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.)

स्टिअरिंगवरची बटणं वाईट नाहीत. आवाज कमी करायला नजर स्क्रीनकडे वळवावी लागत नाही, हा खरा फायदा. कॉल कट करायलाही तीच वापरावीत. नकाशा आणि गाणी मात्र गाडी सुरू करण्याआधीच लावावीत. घरून सारखा फोन येत असेल तर तो शेजारच्या सीटवरच्या माणसाने घ्यावा. एकटेच असाल तर पुढच्या ढाब्यावर थांबून बोला.