एका कागदावर निदान नको!

परवा लालबागला आमच्या ओळखीच्या एका घरी गेलो, तर घरातल्या बाई हातातल्या पाटल्या मोडायला निघालेल्या. घरधनी चार महिने वाळत चाललेले, पोटात दुखणे, शौचाला पातळ. लॅबचा कागद आला: इलॅस्टेज १६०. शेजारी म्हणाले, "स्वादुपिंड निकामी झालं!" आम्ही पाटल्या परत घालायला लावल्या आणि दोघांना परळच्या मोठ्या इस्पितळात नेले.

तिथे कळले ते वाचकांनाही सांगतो. स्वादुपिंड अन्न पचवणारा रस आतड्यात सोडते. त्यातले इलॅस्टेज शौचातून मोजतात. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर असले तर ठीक, १०० च्या खाली गेले तर मोठी कमतरता. मधला आकडा संशयाचा. त्यातही शौच पातळ असेल तर पाण्यामुळे आकडा उतरतो.

बाईंनी विचारले, "पक्की तपासणी नाही का?" आहे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रिटिन हे संप्रेरक शोधले. ते शिरेतून टोचतात, तोंडावाटे आतड्यात नळी घालतात आणि तासभर रस गोळा करून त्यातले बायकार्बोनेट मोजतात. लिटरमागे ८० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली आले तर स्वादुपिंड कमी पडते असे मानतात. तपासणी नामी, पण होते मोजक्या ठिकाणी आणि तीही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. रस नीट गोळा झाला नाही, किंवा नुकतीच सूज येऊन गेली असेल, तर आकडा उगाच कमी येतो. आजार कोवळा असेल तर आकडा चांगलाही येतो.

आमच्या या गृहस्थांचा घट्ट शौचाचा दुसरा नमुना दिला. आकडा २०० च्या वर! घरात आनंद झाला, पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. सीटी स्कॅन केला, तर स्वादुपिंडात खडे दिसले. म्हणजे पहिल्या कागदाने नको तेवढे घाबरवले, दुसऱ्याने नको तेवढा धीर दिला.

आम्ही कारकून माणसे. एका व्हाउचरवर वर्षाचा हिशेब बंद करीत नाही. मग घरच्या माणसाचा कसा करावा? कागद हाती आला की डॉक्टरांना विचारा: नमुना योग्य होता का? पुन्हा तपासायचे का? स्कॅनची गरज आहे का? विचारायला पैसे पडत नाहीत.

गृहस्थांची दारू आणि विडी सुटली, औषध चालू आहे. पाटल्या हातातच आहेत.