आठवड्याची पुडी रोज नको!



थंडी पडली की फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांची रांग लागते. हळदीचं दूध, गवती चहाचा काढा आणि अलीकडे त्यात भर पडली आहे व्हिटॅमिन डीच्या पुडीची.

गेल्या हिवाळ्यात आमच्या इंदूरच्या मावशीने "सर्दी-खोकला जवळ फिरकणार नाही" म्हणून ती पुडी सुरू केली. आठवड्यातून एकदा घ्यायची ती पुडी तिने दोन महिने रोज घेतली. भूक मेली, सारखी तहान लागू लागली, पोट साफ होईना. आम्ही म्हणत राहिलो, वयाचं असेल. रक्त तपासलं तेव्हा कळलं, कॅल्शियम फार वाढलंय. चार दिवस दवाखान्यात सलाइनवर काढावे लागले.

त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची. म्हणजे मावशी रोज शंभर दिवसांची बेगमी पोटात घालत होती! जास्तीचं 'डी' लघवीवाटे निघून जात नाही, शरीराच्या चरबीत साठतं. मग कॅल्शियम वाढतं आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

मग सर्दी-फ्लूशी 'डी'चा काहीच संबंध नाही का? आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशींना 'डी' ओळखता येतं आणि त्याच्या मदतीने त्या कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला बेताचा डोस घेणाऱ्यांना श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झालेले दिसले. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांच्यात 'डी'ची मोठी कमतरता होती त्यांना. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना तो दिसला नाही. पुढे चाचण्या वाढल्या. २०२५ मध्ये ४६ चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा तो थोडा फायदाही खात्रीने सांगता येईना.

थोडक्यात, कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. हाडांना आणि स्नायूंना त्याची गरज आहेच. पण 'डी' म्हणजे सर्दीविरुद्धचं कवच नव्हे, आणि फ्लूच्या लसीला पर्याय तर नाहीच.

घरी एवढं करा:

• आजी सांगते ते सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं, पण त्यात 'डी' फारसं बनत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन उपयोगी. हिवाळ्यात दुपारी गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा. बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही.

• दूध आणि तेल घेताना पाकिटावर निळं '+एफ' चिन्ह बघा. त्यात 'डी' घातलेलं असतं. चालत असेल तर अंड्याचा बलक आणि मासेही खा.

• पुडी किंवा गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या. किती आठवडे घ्यायची, हेही विचारून घ्या.

आणि या रविवारी आई-बाबांच्या, आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात एकदा डोकवा. पुडी सापडली तर तिच्यावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा. आमच्या मावशीच्या डब्यावर आता 'फक्त रविवार' अशी चिठ्ठी आम्ही चिकटवली असती, पण डॉक्टरांनी तिची पुडीच बंद केली आहे. मावशी सध्या दुपारी गच्चीवर मटार सोलत बसते.